मदत हवी आहे: नवीन टेप ड्राइव्ह दिसतात, पण बॅकअप चालत नाही

वैतागलेला_ॲडमिन: टेप लायब्ररीत (टेपचं रोबोटवालं कपाट) दोन नवीन ड्राइव्ह टाकलेत. ओएसला दिसतात, सॉफ्टवेअरमध्येही 'अप' आहेत. जॉब सोडला की रोबोट टेप उचलून ड्राइव्हमध्ये घालतो आणि जॉब 'माउंटिंग'वर लटकतो. मग ड्राइव्ह डाउन. जुने दोन मस्त चालतात. रीबूट करून झालं. उद्या ऑडिट आहे, प्लीज लवकर सांगा.

खडूस_काका: सॉफ्टवेअर कोणतं? ड्राइव्ह कुठल्या पिढीचे? जोडणी एफसी (फायबर चॅनल) की एसएएस? पत्रिका न देता लग्न जुळवायला सांगताय.

टेपगडी: क्लीनिंग टेप फिरवा. आमच्याकडे नेहमी त्यानेच सुटतं.

खडूस_काका: कोऱ्या ड्राइव्हला क्लीनिंग? उगाच हेड घासायचे.

ढगातला_माणूस: अजून टेप वापरतात लोक? सगळं क्लाउडच्या ऑब्जेक्ट स्टोरेजवर टाका, इम्युटेबल करा (म्हणजे कोणी बदलू-पुसू शकणार नाही), विषय संपला.

सोलापुरी_सिसॅडमिन: आणि रिस्टोअरच्या वेळी डेटा बाहेर काढायचं बिल तुम्ही भरणार का? टेप लायब्ररीतून काढून कपाटात ठेवली की रॅन्समवेअरचा बाप आला तरी तिला हात लावू शकत नाही. असो, धागाकर्ते कुठे गेले?

वैतागलेला_ॲडमिन: मीटिंगमध्ये होतो. सॉफ्टवेअर नेटबॅकअप, ओएस रेड हॅट लिनक्स, जोडणी एफसी. टेपवर लिहिणारा मीडिया सर्व्हर एकच. जुने ड्राइव्ह एलटीओ-6 (एलटीओ हे टेपचं मानक, आकडा म्हणजे पिढी), नवे एलटीओ-8.

टेपगडी: मग टेन्शन नाही, ड्राइव्ह दोन पिढ्या मागची टेप वाचतो.

सोलापुरी_सिसॅडमिन: ते एलटीओ-7 पर्यंत. एलटीओ-8 फक्त 7 आणि 8 घेतो, 6 वाचतसुद्धा नाही. जुन्या आणि नव्या ड्राइव्हना डेन्सिटी (नेटबॅकअपमधलं टेपच्या प्रकाराचं लेबल) वेगळी द्या, म्हणजे एका प्रकाराला एचकार्ट2, दुसऱ्याला एचकार्ट3, आणि टेपलाही तशीच. नाहीतर सॉफ्टवेअर जुनी टेप नव्यात कोंबेल. आत्ता कोणती टेप जातेय?

वैतागलेला_ॲडमिन: एलटीओ-8, नवीन कोरी.

सोलापुरी_सिसॅडमिन: मग मला पाथ (सर्व्हरवरचे ड्राइव्हचे पत्ते) उलटे वाटतात. जॉब थांबवा, रोबटेस्ट या कमांडमधून हाताने ड्राइव्ह 3 मध्ये टेप घाला. दुसऱ्या टर्मिनलवर एनएसटी2 आणि एनएसटी3 या दोन्ही पाथवर एमटी स्टेटस ही कमांड मारा. टेप असलेला 'ऑनलाइन' म्हणेल, रिकामा 'डीआर_ओपन'.

ढगातला_माणूस: एवढ्या वेळात क्लाउडवर अपलोड झालं असतं.

खडूस_काका: तुमच्या ऑफिसची लाइन आम्हालाही द्या मग.

वैतागलेला_ॲडमिन: ड्राइव्ह 3 चा पाथ एनएसटी2 लावलाय, तो डीआर_ओपन. टेप एनएसटी3 वर ऑनलाइन!! व्हेंडरचा इंजिनिअर हाताने पाथ टाकून गेला होता.

सोलापुरी_सिसॅडमिन: म्हणजे रोबोट एका दारात टेप देतो आणि सर्व्हर दुसऱ्या दारात वाट बघतो. दोन्ही नवे ड्राइव्ह नेटबॅकअपमधून डिलीट करा, डिव्हाइस विझार्ड चालवा, तो सीरियल नंबरवरून जोडतो. स्कॅन कमांडमध्ये रोबोटखाली ड्राइव्हचे सीरियल येतात, ते ताडून बघा. मग एलटीआयडी (नेटबॅकअपची ड्राइव्ह सांभाळणारी सेवा) रीस्टार्ट. आणि पर्सिस्टंट बाइंडिंग करा, म्हणजे प्रत्येक ड्राइव्हचं नाव कायमचं बांधा; नाहीतर रीबूटनंतर एनएसटीचे नंबर बदलू शकतात.

वैतागलेला_ॲडमिन: चालला!! दोन्हींवर एकदम लिहितोय. ताई/दादा जे असाल ते, शतशः आभार.

सोलापुरी_सिसॅडमिन: ताई. ऑडिटवाल्यांनी जुन्या टेपवरून रिस्टोअर मागितलं तर? एलटीओ-6 ड्राइव्ह ठेवताय ना?

वैतागलेला_ॲडमिन: मॅनेजरने या महिन्यात ते एएमसीतून (देखभाल करारातून) काढलेत...

टेपगडी: विकणार असाल तर मला व्यनि (खाजगी निरोप) करा. पुण्यातून येऊन घेऊन जाईन.