क्रोन्समध्ये ऑपरेशन म्हणजे "शेवटचा उपाय", हे आता सोडून द्यायला नको का?

निमा_सातारा
धाकट्या भावाला, वय २७, क्रोन्स निघालाय, म्हणजे आतड्याला परत परत सूज येणारा आजार. छोट्या आतड्याचं शेवटचं टोक, जिथून मोठं आतडं सुरू होतं, तिथला साधारण १५ सेंमी भाग सुजलाय. स्टिरॉइड कमी केलं की दुखणं परत हजर, अझाथायोप्रिनने (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) उलट्याच उलट्या. पोटाचे डॉक्टर म्हणाले सूज दाबणारी अडालिमुमॅबची इंजेक्शनं सुरू करू. दुसरं मत घ्यायला सर्जनकडे गेलो तर ते म्हणाले दुर्बिणीतून तेवढाच तुकडा काढला तरी चालेल, दोन्ही रस्ते बरोबरीचे आहेत. घरी येऊन हे सांगितलं आणि आत्याने एकच वाक्य धरून ठेवलंय, "पोटाला सुरी लागली की माणूस परत पहिल्यासारखा होत नाही."
माझं मत विचाराल तर लवकर ऑपरेशन. नेदरलँड्स आणि ब्रिटनमध्ये अशाच १४३ पेशंटवर लिरिक नावाची ट्रायल झाली, निम्म्यांना इन्फ्लिक्सिमॅब (अडालिमुमॅबच्याच जातीचं औषध), निम्म्यांचं ऑपरेशन. २०१७ मध्ये निकाल आला, वर्षभरानंतर दोघांची तब्येत सारखीच. आणि पुढे पाचेक वर्षं बघितलं तर औषधवाल्यांपैकी ४८ टक्के लोकांचं शेवटी ऑपरेशन झालंच, ऑपरेशनवाल्यांपैकी एकालाही दुसऱ्यांदा आतडं कापावं लागलं नाही. मग थांबायचं कशासाठी?

दादरचा_दादा
ताई, जरा दमानं. माझं पहिलं ऑपरेशन १९९४ चं. छातीच्या खालून बेंबीला वळसा घालून खालपर्यंत चीर, अजून आंघोळ करताना साबण त्या खाचेत अडकतो. सर्जन बाहेर येऊन वडिलांना म्हणाले, "सगळं साफ काढलंय, चांगल्या भागातलंही थोडं घेतलंय, आता विसरा." चार वर्षांत जोडलेल्या जागीच परत आला. मग दुसरं, मग तिसरं. आता आतडं इतकं तोकडं झालंय की चहा प्यायलो की दहा मिनिटांत पळायचं, आणि बी-१२ चं इंजेक्शन जन्माला पुजलेलं. हा आजार कापून जात नाही हो. तुमच्या आत्या शिकलेल्या नसतील कदाचित पण चुकीचं काय बोलल्या?

सुई_दोरा
सर्जरीचा रेसिडेंट आहे, त्यामुळे माझा कल कुठे असणार ते समजून घ्या. पण दादा, तुमचं ऑपरेशन ९४ चं आणि अमेरिकेत क्लीव्हलँडच्या फाझिओ या सर्जनचा अभ्यास ९६ चा. त्यांनी १३१ पेशंटमध्ये दोन गट केले, एकात आजारी भागापलीकडे २ सेंमी चांगलं आतडं काढलं, दुसऱ्यात १२ सेंमी. आजार परत येण्यात धरण्यासारखा फरक नाही. म्हणजे तोवर कॅन्सरसारखं "लांबून कापा" चाललेलं, ते फुकट गेलेलं आतडं होतं.
त्याआधी तर आणखी गंमत. १९३२ मध्ये क्रोन, गिन्झबर्ग, ओपेनहायमर या तिघांनी न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमधून या आजारावर लेख लिहिला, त्यातले पेशंट बर्ग नावाच्या सर्जनने ऑपरेट केलेले, पण त्यांनी लेखावर नाव घालू दिलं नाही. नाहीतर वर्णानुक्रमाने त्यांचंच नाव पहिलं लागलं असतं आणि आज आपण "बर्ग्ज" म्हणत असतो. पुढे फॅशन आली बायपासची, आजारी आतडं आतच ठेवायचं आणि वरचं आतडं त्याला वळसा घालून पुढे जोडायचं. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांचं १९५६ च्या जूनमध्ये हेच झालं, नोव्हेंबरात ते परत निवडून आले. पण आत राहिलेलं आतडं गप्प बसत नव्हतं, तिथे पू व्हायचा, कधी कॅन्सरही, म्हणून ते मागे पडलं.
आणि सगळ्यात भारी गोष्ट आपल्याकडची. टीबीने आतडं जागोजागी चिंचोळं होतं, तिथे कापून न टाकता उभी चीर देऊन आडवी शिवायची. सदऱ्याची बाही घट्ट झाली तर उभी उसवून आडवी टाचा, लांबी किंचित कमी होते पण हात आत जातो, तेच. कटारिया आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये हे छापलं, ऑक्सफर्डचे सर्जन ली यांनी ते क्रोन्ससाठी उचललं. दादा, तुमची पुढची दोन ऑपरेशनं अशी झाली असती तर कदाचित बरंच आतडं वाचलं असतं.

दादरचा_दादा
"असती तर." दर पंधरा वर्षांनी सर्जन येऊन सांगतात की आधीच्यांना कळत नव्हतं, आम्हाला कळलंय. २०१८ ला आयर्लंडमधून निघालं की आतड्याला धरून असलेली चरबीची झालर पण काढा, मग आजार परत येत नाही. सगळीकडे गाजावाजा. २०२४ मध्ये युरोपातली नीट चिठ्ठ्या टाकून केलेली ट्रायल आली, झालर काढा नाहीतर ठेवा, कोलोनोस्कोपीत (आतड्यात दुर्बीण घालून बघतात त्यात) फरक नाही. आता जपानच्या कोनो यांची, कापलेली टोकं जोडायची वेगळी पद्धत चाललीय, तीही बघू.

सुई_दोरा
पण ते खोटं ठरलं हे सांगणारेही सर्जनच ना? कोनो जोडणीचा इटलीत नेपल्समधला निकाल चांगला आहे, पण आकडे लहान आहेत, मी मान्य करतो.

वैशाली_के
मला दोघांशी भांडायचंय. निमा, लिरिकमध्ये कोण घेतले होते ते वाचलं का? ४० सेंमीपेक्षा कमी भाग, फक्त सूज, आतडं चिंचोळं होऊन वर फुगलेलं नाही, आणि पू नाही. आपल्याकडे असा पेशंट सर्जनपर्यंत पोचतो कधी? मला आधी नऊ महिने एकेटी, म्हणजे टीबीची औषधं दिली, टीबी आहे समजून. लघवी केशरी व्हायची, आई म्हणायची औषध लागू पडतंय. खऱ्या आजाराचं नाव कळेपर्यंत फिस्टुला झालेला, म्हणजे आतून कातडीपर्यंत पडलेली पुवाची वाट, ती वाहती राहावी म्हणून संडासच्या जागेजवळ सेटॉनचा दोरा घालून दोन वर्षं हिंडले. मी २०१६ पासून देशी अडालिमुमॅबवर आहे, झायडस कंपनीचं २०१४ च्या डिसेंबरात बाजारात आलं म्हणून परवडलं, नाहीतर परदेशी इंजेक्शन मंगळसूत्र विकूनही पुरलं नसतं. मला पोटावर सुरीची गरज पडली नाही, आणि पडू नये म्हणूनच औषध आहे ना? आणि तुमच्या ऑपरेशनवाल्यांपैकी २६ टक्क्यांना पुढे तसलीच इंजेक्शनं लागलीच की, ते का नाही लिहिलंत?

निमा_सातारा
२६ चं लिहायला हवं होतं, चूक माझी. पण वैशालीताई, तीनचतुर्थांश लोकांना नाही लागली ना. भाऊ ट्रकच्या स्पेअर पार्टच्या दुकानात बसतो, दर पंधरा दिवसांनी फ्रीजमधलं इंजेक्शन, विमावाले म्हणतात आधीपासूनचा आजार. ऑपरेशन एकदाच, निदान आशा तरी तशी.

दादरचा_दादा
"एकदाच" हा शब्द त्याच्यासमोर वापरू नका एवढंच. सिगारेट ओढतो का?

निमा_सातारा
ओढतो. लपून.

सुई_दोरा
मग आधी ती. ऑपरेशन करा नाहीतर इंजेक्शन घ्या, सिगारेट चालू असेल तर आजार परत येण्याची शक्यता जवळपास दुप्पट. आणि ऑपरेशन झालंच तर सहा महिन्यांनी कोलोनोस्कोपी चुकवायची नाही, दुखत नसलं तरी. जोडाच्या जागी आधी फोड दिसतात, त्रास नंतर सुरू होतो. दादांच्या वेळी हे कोणी बघितलं नसेल.

दादरचा_दादा
नाही बघितलं. "दुखलं की या" म्हणाले होते.

वैशाली_के
एमआर एन्टेरोग्राफी, म्हणजे आतड्याचा एमआरआय, झाली का त्याची? कुठे चिंचोळं आहे का ते कळल्याशिवाय आपण नुसतेच भांडतोय.

निमा_सातारा
शुक्रवारी आहे. आत्या पण येणार म्हणतेय, सर्जनना स्वतः विचारणार आहे.