स्टार्टर बदलण्याआधी अर्थिंग बघा
नवी बॅटरी टाकूनही चावी फिरवल्यावर गाडी सुरू न होता नुसतं 'टक' होतं, आणि मेकॅनिक स्टार्टर (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) बदला म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. जरा थांबा. जुन्या पिकअपमध्ये बऱ्याचदा इंजिन ते चॅसीची (गाडीच्या सांगाड्याची) अर्थिंग पट्टीच, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी जोडणीच, गंजून गेलेली असते. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून ठेवा. मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) घेऊन त्याचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे!), दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरा आणि कुणाला तरी चावी मारायला सांगा. ०.५ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग खराब. पॉझिटिव्ह केबलही अशीच तपासा, फक्त एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर आणि दुसरं ती केबल स्टार्टरला जिथे जोडलीय त्या बोल्टवर धरा. दोन्ही ठीक निघाल्या तर स्टार्टर उतरवा, पण आधी सोलेनॉइडचे (स्टार्टरला करंट जोडणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट आणि कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे तुकडे) बघायला लावा. अख्खा नवा स्टार्टर घ्यायची घाई कशाला?