मतदार निवडणारे उमेदवार

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाचा पक्ष मध्यावधीत, म्हणजे त्याच्या कार्यकाळाच्या मधोमध होणाऱ्या निवडणुकीत आपटतो, म्हणून नोव्हेंबर २०२६ मध्ये हाऊस (संसदेचं कनिष्ठ सभागृह) ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाकडून डेमोक्रॅट्सकडे जाणारच, असं अनेक जण म्हणतात. इतिहास बऱ्यापैकी तसाच आहे. १९३४, १९९८ आणि २००२ हे अपवाद. २०१० मध्ये ओबामांच्या पक्षाने ६३ जागा घालवल्या होत्या. पण हा नियम ट्रम्प यांनाही ठाऊक आहे, म्हणून तर दर दहा वर्षांनी होणाऱ्या जनगणनेची वाट न पाहता २०२५ मध्येच टेक्सासमधल्या मतदारसंघांचा नकाशा पाच जागा वाढवण्याच्या हिशोबाने नव्याने आखून घेतला.

यावर टेक्सासचे डेमोक्रॅट आमदार गणपूर्ती (सभागृहातली किमान हजेरी) मोडायला राज्याबाहेर पळाले. आश्रयाला गेले कुठे, तर इलिनॉयला! तिथे १७ पैकी १४ जागा डेमोक्रॅट्सच्या, नकाशा त्यांनीच आखलेला. लोकशाही वाचवायला याहून सोयीची जागा कुठली? मग डेमोक्रॅट्सच्या कॅलिफोर्नियाने नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रस्ताव ५० मतदारांकडून मंजूर करून घेऊन स्वतःच्या स्वतंत्र आयोगाचा नकाशा बाजूला ठेवला आणि टेक्सासची परतफेड केली. कोर्टाकडून फार आशा नको. पक्षीय फायद्यासाठी केलेली आखणी हा संघीय न्यायालयांचा विषयच नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगून टाकलंय.

मला गंमत वेगळ्याच गोष्टीची वाटते. टेक्सासच्या नव्या जागांपैकी काहींचं गणित २०२४ मध्ये ट्रम्प यांच्याकडे वळलेल्या हिस्पॅनिक मतदारांवर उभं आहे. ते परत फिरले, तर कागदावरच्या पाच जागा कागदावरच राहतील.