मिक्सिंग लेंथमधला अल्फा, एका आकड्यात अख्खं कन्व्हेक्शन कसं काय?

ताऱ्यांचा_नाद
एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मेसा कोडवर (ताऱ्यांची मॉडेलं चालवणारं सॉफ्टवेअर) सूर्याएवढ्या ताऱ्याचं मॉडेल चालवतोय. कन्व्हेक्शनला (गरम वायू वर, गार वायू खाली जाऊन उष्णता वाहणं) अल्फा म्हणून एकच आकडा द्यायचा असतो, आमच्याकडे सगळे १.८ टाकतात. सर म्हणाले कॅलिब्रेट केलेला आहे, ठेव तसाच. पण आत एवढी उलथापालथ चालू असताना ती एका आकड्यात बसतेच कशी? आणि थेट समीकरणं का नाही सोडवत?

रवी_पाटी
थेट सोडवायचं म्हणशील तर सूर्यात रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह किती खळबळीचा ते सांगणारा आकडा) १०^१२ च्या वर जातो, म्हणजे सगळ्यात बारीक भोवऱ्यापर्यंत पोचायला ग्रिडवर १०^२७ च्या आसपास ठिपके लागतील, कुठल्याच कॉम्प्युटरला झेपणार नाही. म्हणून एरिका बोम-व्हिटेन्स यांची १९५८ची मिक्सिंग लेंथ पद्धत अजून चालते. गरम वायूचा गोळा वर चढतो, प्रेशर स्केल हाइटच्या (जेवढं वर गेल्यावर दाब साधारण २.७ पट कमी होतो तेवढं अंतर) अल्फा पट अंतर गेला की आजूबाजूत मिसळून जातो, बस. ढोबळ आहे पण खोलवर चालून जातं, कारण तिथे वायू इतका दाट असतो की कन्व्हेक्शन जवळजवळ सगळी उष्णता सहज वाहून नेतं, तापमानाचा उतार अ‍ॅडियाबॅटिकला (उष्णता न देता-घेता वर चढणारा वायू जसा थंड होतो त्या उताराला) चिकटून राहतो, अल्फा काहीही घे. खरी भानगड पृष्ठभागाजवळच्या पातळ थरात, तिथेच अल्फा त्रिज्या ठरवतो. सूर्याचं वय, त्रिज्या, तेज माहितीये म्हणून तो जुळवता येतो. लाल राक्षसी ताऱ्याला तोच आकडा लावायचा हा मात्र निव्वळ विश्वास, मला ते कधीच पटलेलं नाही.

मीरा_के
पृष्ठभागासाठी नॉर्डलुंड आणि स्टाइन यांची थ्रीडी सिम्युलेशन्स बघच, ग्रॅन्युल्स (पृष्ठभागावर दिसणारे वायूचे दाणे) अगदी फोटोतल्यासारखे येतात (एकेक साधारण १००० किमीचा, दहाएक मिनिटांत संपतो). खोलवरचं मात्र अडलेलंच आहे. २०१२ मध्ये हनसोगे, ड्यूव्हल आणि श्रीनिवासन यांनी सूर्याच्या कंपनांवरून मोठ्या प्रवाहांचे वेग काढले तर ते अंदाजापेक्षा २० ते १०० पट कमी निघाले. पुढे दुसऱ्या पद्धतीने बघितलं तर वेग बरेच जास्त आले. हनसोगे आता मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत आहेत, त्यांचे पेपर वाच.

ताऱ्यांचा_नाद
थँक्स दोघांना! आत्ताच १.५ आणि २.१ टाकून रन मारले. तेज जवळपास तेवढंच, १.५ ला तारा फुगला आणि थंड झाला, २.१ ला आक्रसला. सरांना दोन्ही ग्राफ दाखवतो.