'मिथक' की 'पुराणकथा'?

प्रश्न : ग्रीक देवतांच्या गोष्टींचे भाषांतर करताना 'मिथॉलॉजी'साठी मी सर्वत्र 'पुराणकथा' हा शब्द योजला होता. हस्तलिखित तपासणाऱ्या स्नेह्यांनी तो जागोजागी खोडून लाल शाईने 'मिथक' केले आणि समासात 'मिथ्यापासून आलेला, म्हणून नेमका' अशी टीप लिहिली. ही व्युत्पत्ती खरी आहे काय?

उत्तर : नाही. 'मिथक' हा ग्रीक 'मिथॉस'वरून आलेल्या 'मिथ'ला 'क' जोडून घडवलेला आणि हिंदीमार्गे आपल्याकडे रुळलेला शब्द आहे. संस्कृत 'मिथ्या' हा 'मिथः', 'मिथुन' यांच्या गोतातला. त्याचा जुना अर्थ 'उलट, चुकीच्या रीतीने' असा असून त्यावरून पुढे 'खोटे' हा अर्थ आला. दोहोंतले साम्य केवळ ध्वनीचे आहे, पण त्यामुळे 'मिथक' म्हणताच मराठी वाचकाच्या कानात 'मिथ्या' वाजते, ही त्या शब्दाची मोठी अडचण. होमरच्या काव्यात 'मिथॉस' म्हणजे नुसते उच्चारलेले वचन, बोलणे. त्यात खरेखोटेपणाचा निवाडा नाही. त्याला 'लोगोस' (कथन) जोडून झालेला 'मिथोलोगिया' प्लेटोच्या लेखनात कथा सांगणे या अर्थाने येतो. इंग्रजीत 'मिथॉलॉजी' 15व्या शतकात पोहोचला आणि सुटा 'मिथ' मात्र 19व्या शतकात रुळला, म्हणजे आधी कळस, मग पाया!

'पुराणकथा'ही मला अडते. प्राचीन व्युत्पत्तिकार यास्काने 'पुरा नवं भवति', जे पूर्वी नवे होते ते, अशी 'पुराण' शब्दाची फोड केली आहे. परंतु अमरकोश या संस्कृत शब्दकोशाच्या काळापर्यंत ते सर्ग (सृष्टी), प्रतिसर्ग (प्रलयानंतरची पुन्हा सृष्टी), वंश, मन्वंतर (मनूंचे कालखंड) आणि वंशानुचरित (राजवंशांची चरिते) अशा पाच लक्षणांच्या ग्रंथांचे नाव झालेले दिसते. झ्यूसच्या गोष्टींना मी 'दैवतकथा' म्हणेन.

प्रतिसाद : ग्रीक कथांतला राजा ईडिपस कुठे दैवत होता? शिवाय 'पुराण' काही 18 महापुराणांची मिरास नव्हे. जिनसेनांचे आदिपुराण जैन परंपरेतले असूनही पुराणच आहे. माझी आजी चातुर्मासात शनिवार पेठेतल्या एका देवळात 'पुराणाला' जात असे. पुराणिकबुवा चौरंगावर पोथी ठेवून, वाचलेले सुटे पान पालथे घालत अर्थ सांगत. ऐकणाऱ्या बायका वाती वळता वळता हुंकार देत. हे घडले का, असे तिथे कोणी विचारत नसे, आणि खोटे आहे असेही कोणी म्हणत नसे. वांगे निषिद्ध म्हणून सांगून आलेल्या पुराणिकाने घरी, बायकोने वांगी फेकलेली पाहून, 'पुराणातली वांगी पुराणात' म्हटल्याची गोष्ट आपल्याला ठाऊक आहेच. सांगण्याचे सत्य वेगळे आणि स्वयंपाकघरातले वेगळे, ही जाण त्या म्हणीत आहे, आणि 'मिथॉस'च्या मूळ अर्थाला ती 'मिथक'पेक्षा जवळची आहे. म्हणून लाल शाई पुसावी आणि पहिल्या उल्लेखात 'ग्रीक' हे विशेषण लावून 'पुराणकथा'च ठेवावे. समीक्षेतल्या चर्चेपुरते 'मिथक' वापरण्यास माझी हरकत नाही. समासातली ती टीप मात्र काढून टाकावी.