गाडीतला आवाज एकाच सीटसाठी जुळवावा का?

कोथरूड डेपो:
माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडीत खरं साउंड स्टेज, म्हणजे कलाकार समोर आपापल्या जागी बसल्याचा भास, हवं असेल तर ते चालवणाऱ्याच्या सीटसाठी जुळवावं आणि बाकीच्या सीटांचा विचार सोडावा. सगळ्यांना थोडंथोडं द्यायला गेलं की कुणाच्याच पदरात काही पडत नाही.

सवाईच्या मंडपात समोर बसलेलं आठवा. गायक मध्ये, आपल्या डाव्या हाताला तबला, उजवीकडे पेटी, मागे तानपुरे. बहुतेक मैफलींत हीच मांडणी. गाडी उभी करून डोळे मिटले की असंच चित्र काचेपलीकडे दिसायला हवं. प्रत्यक्षात काय होतं? सगळी मैफल उजव्या दारात, गुडघ्यापाशी गोळा होते.

मी मोजायची टेप घेऊन मोजलं. माझ्या हॅचबॅकमध्ये डोक्यापासून उजव्या दाराचा वूफर (खालच्या आवाजाचा स्पीकर) 85 सेंटिमीटर, डाव्या दाराचा 140. फरक 55. आवाज एका मिलिसेकंदात साधारण 34.3 सेंटिमीटर जातो, म्हणजे डावा आवाज 1.6 मिलिसेकंद उशिरा पोचतो. आवाज अगदी एका बाजूने आला तरी आपल्या दोन कानांत जेमतेम 0.6-0.7 मिलिसेकंदांचा फरक पडतो, हे लक्षात घ्या. जो आवाज आधी आला त्याची दिशा मेंदू धरून बसतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने 1949 साली यावर सविस्तर प्रयोग केले होते.

मग डीएसपीत (आवाज डिजिटली जुळवणाऱ्या यंत्रात) डिले घातला, म्हणजे जवळच्या स्पीकरचा आवाज मुद्दाम उशिरा सोडला. डिकीतला सब (खोल बासचा स्पीकर) सगळ्यात लांब, 190 सेंटिमीटरवर, म्हणून त्याला शून्य. डाव्या दाराला 1.46 मिलिसेकंद, उजव्याला 3.06. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्री अकराला बसून हे केलं आणि गायक दारातून उठून डॅशबोर्डच्या मध्यावर आला. नवे स्पीकर एकही घेतले नाहीत. लोक हजारो रुपये मोठ्या स्पीकरांत घालतात आणि ही टेप कुणी लावत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

निगडी प्राधिकरण:
तुमचं गणित बरोबर आहे आणि म्हणूनच मी विरोधात आहे. तेच गणित डाव्या सीटवरून मांडा. तिथे बसलेल्याला उजवा आवाज मुळातच 1.6 मिलिसेकंद उशिरा येतो. तुम्ही वर आणखी 1.6 घातले, झाले 3.2. त्या माणसाची सगळी मैफल डाव्या दारात कोंबली गेली. माझ्या गाडीत त्या सीटवर आई बसते. मी चालवताना अर्धं लक्ष रस्त्यावर, गाणं खरं ऐकते ती. तिच्या वाट्याचं काढून माझ्या वाट्याला घालायचं, हे मला पटत नाही.

वाकडेवाडी:
एवढी यातायात कशाला? स्टीरिओचा बॅलन्स (डाव्या-उजव्या आवाजाचं प्रमाण) डावीकडे चार घर सरकवा, गायक मध्ये येतो. मी वर्षानुवर्षं तेच करतो.

कोथरूड डेपो:
@वाकडेवाडी, येतो, पण अर्धा. दिशा ओळखायची कानाची पद्धत दुहेरी आहे. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅलेने 1907 मध्येच ती मांडली. ढोबळमानाने 1500 हर्ट्झच्या वर कोणत्या कानात आवाज मोठा यावर, त्याच्या खाली कोणत्या कानात आधी आला यावर. बॅलन्सने वरचा भाग मध्ये येतो, झांज सरकते, गायकाचे 'स' आणि 'श' सरकतात. त्याच्या आवाजाचा गाभा 150 ते 500 हर्ट्झमध्ये असतो, तो उजव्या दारातच राहतो. गायक दोन तुकड्यांत ऐकू येतो.

आणि दुसरं. 55 सेंटिमीटर म्हणजे सुमारे 312 हर्ट्झची अर्धी तरंगलांबी. त्या जागी डावा-उजवा एकमेकांना खातात. काळी एकमध्ये गाणारा पुरुष गायक तार सप्तकाच्या शुद्ध रिषभावर गेला की तो बरोबर तिथे उभा असतो! काचेवरून, छतावरून येणाऱ्या परावर्तनांमुळे स्वर पूर्ण नाहीसा होत नाही, पण पोकळ होतो. तान घेताना एकच स्वर मागे पडलेला ऐकणं मला सहन होत नाही. बॅलन्स हा खड्डा भरू शकत नाही.

धायरी फाटा:
मी वीसेक वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा लांब लिहितो. तुम्ही दोघंही तिसऱ्या मजल्यावर भांडताय, पाया कुणी बघत नाहीये.

दाराचं पॅड काढून बघा. आतल्या पत्र्याला हाताएवढी भोकं असतात, त्यावर पातळ प्लास्टिक. वूफर पुढे जेवढा आवाज टाकतो तेवढाच मागे, आणि मागचा त्या भोकांतून येऊन पुढच्याला मारतो. असं दार असताना डिले 1.46 ठेवा नाहीतर 1.64, खालचा आवाज येणारच नाही. भोकं आधी बंद करा. त्यासाठी शीट ब्यूटाइल रबराची घ्या, डांबराची नको. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत वास मारते आणि सुटते. दाराच्या तळाशी पाणी जायची छोटी भोकं असतात, ती मात्र कधीही झाकू नका. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी आत उतरतंच. ती भोकं बुजवलेली एक गाडी माझ्याकडे आली होती, दार खालून गंजून फुगलेलं. स्पीकरखालची रिंगसुद्धा एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) असेल तर दोन पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते, प्लास्टिकची बसवा.

आणि सगळ्याच्या आधी प्लस-मायनस तपासा. एका बाजूची वायर उलटी लागली असेल तर गायक मध्ये न बसता सगळीकडे पसरतो, बास गायब. मोनो रेकॉर्ड (डाव्या-उजव्यात एकच आवाज असलेलं) लावा, एका मिनिटात कळतं. स्टीरिओ एलपी बाजारात येऊ लागल्या 1957-58च्या सुमारास, तेव्हा पन्नाशीच्या दशकातलं कुठलंही जुनं गाणं चालेल. तो आवाज रुंद ऐकू आला तर काहीतरी चुकलंय. टिंबाएवढा हवा.

पर्वती पायथा:
एक कळकळीची विनंती. ट्वीटर (बारीक, वरच्या आवाजाचा छोटा स्पीकर) काचेशेजारच्या खांबावर बसवायची फॅशन आहे. गाडीला कर्टन एअरबॅग असेल तर ती खांबापासूनच वर छताच्या कडेने गुंडाळलेली असते. तिथे स्क्रू मारू नका, पॉड चिकटवू नका. आरशामागचा तिकोना किंवा डॅशचा कोपरा वापरा.

निगडी प्राधिकरण:
@धायरी फाटा, दाराचं पूर्ण मान्य, माझंही तसंच केलंय. माझा मुद्दा जागेचा आहे. मी डॅशच्या दोन्ही कोपऱ्यांत 3 इंची मिडरेंज (मधल्या आवाजाचे स्पीकर) बसवले आणि 300 हर्ट्झच्या वरचं सगळं तिथून काढलं. ते दारापेक्षा लांब, पुढे आहेत, त्यामुळे डाव्या-उजव्यातला फरक 55 वरून 30 सेंटिमीटरवर आला. 0.9 मिलिसेकंदसुद्धा नाही. डिले दोन्ही बाजूंना सारखाच. मागच्या दारांचे स्पीकर जवळजवळ बंद, कारण ते स्टेज मागे ओढतात. गायक अगदी मध्यावर नाही, माझ्याकडे थोडा झुकलेला आहे. आईला तो तिच्याकडे झुकलेला वाटतो. पण दोघांनाही तो समोर, काचेच्या उंचीवर ऐकू येतो. मला हे पुरतं.

कोथरूड डेपो:
जागा बदलली हे उत्तमच. पण खड्डा गेलेला नाही, सरकलाय. 30 सेंटिमीटर म्हणजे आता तो 570 हर्ट्झच्या आसपास. तिथे गायकाचा मूळ स्वर नसेल, पण प्रत्येक स्वराचे उपस्वर असतात, आणि बाई गात असेल तर मूळ स्वरही तिथे येतो. दोन प्रीसेट (साठवून ठेवलेल्या जुळण्या) का ठेवत नाही? एकटे असताना एक, आई असताना दुसरा.

निगडी प्राधिकरण:
दुसऱ्या प्रीसेटमध्ये काय घालणार? तोच प्रश्न परत आला ना. तिच्यासाठी जुळवलं तर माझं बिघडणार, दोघांसाठी ठेवलं तर आहे तेच. 570चा खड्डा मी नाकारत नाही. उद्या बाईंच्या आवाजातलं काहीतरी लावून दोन्ही सीटांवर बसून ऐकतो. मोजून आकडा इथेच लिहीन.

धायरी फाटा:
ऐकताना एसीचा पंखा बंद ठेवा आणि सीट नेहमी चालवता तिथेच असू द्या. पाच सेंटिमीटर पुढे-मागे झाली तरी मोजलेलं बदलतं.