मदत हवी आहे: ‘ब्लेसिंग’ला मराठीत नेमकं काय म्हणावं?

नमस्कार. अँग्लिकन चर्चमधल्या समलिंगी नात्यांच्या वादावर आमच्या मंडळीतल्या ज्येष्ठांसाठी दोन पानी टिपण लिहितेय. जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या परिषदेत समलैंगिक संबंध बायबलशी विसंगत ठरवणारा १९९८ चा लँबेथ ठराव (५२६ विरुद्ध ७० मतं), २००३ मध्ये अमेरिकेत उघडपणे समलिंगी असलेल्या जीन रॉबिन्सन यांना मिळालेलं बिशपपद, इथवर लिहून झालं. अडलंय चर्च ऑफ इंग्लंडपाशी, म्हणजे इंग्लंडमधल्या अँग्लिकन चर्चपाशी. तिथे डिसेंबर २०२३ पासून नेहमीच्या उपासनेत समलिंगी जोडप्यांसाठी देवाची कृपा मागणारी प्रार्थना (इंग्रजीत ‘ब्लेसिंग’) करता येते, पण चर्चमध्ये त्यांचं लग्न लागत नाही. हा फरक कळला नाही तर पुढचं काहीच कळणार नाही.

‘ब्लेसिंग’साठी मी ‘आशीर्वाद’ लिहिलं. आईला वाचून दाखवलं, तर ती लगेच म्हणाली, “म्हणजे लग्न लावलंच की!” लग्नाला आपण आशीर्वाद द्यायलाच बोलावतो, तिचं काय चुकलं? ‘आशीर्वादपर प्रार्थना’ बोजड वाटलं. इंग्रजी शब्द चालणार नाही, वाचणारे सत्तरीपुढचे आहेत. शिवाय दोन्ही मतांची माणसं आमच्याकडे एकाच बाकावर बसतात, त्यामुळे कुणाची बाजू घेणारा शब्द नकोच.

कुणी पाळक किंवा धार्मिक मजकुराचे भाषांतरकार असाल तर सांगा: लग्नविधी वाटणार नाही आणि त्या जोडप्यांना कमी लेखणारही नाही, असा कोणता शब्द तुम्ही वापराल?